गोजराने दोरी सोडली

लहानांनो आणि मोठ्यांनो, डोंगरांना अजून नावं पडली नव्हती त्या खूप जुन्या काळी, एका टेकडीच्या पायथ्याशी दोर वळणाऱ्यांचं गाव होतं. अंबाडी भिजवावी, झोडावी, वाळवावी आणि तिचे दोर वळावेत, हा गावाचा धंदा. तिथला दोर हत्तीलाही तुटत नसे.

गावाची एक रीत होती. मूल जन्मलं की आजी त्याच्या पाळण्याला दोरी वळायची आणि तिचं दुसरं टोक आईच्या मनगटाला बांधायची. पोर जरा चुळबुळलं की आईने हिसका द्यायचा. दोरी थांबली की पोराचा श्वास थांबतो, असं म्हातारी माणसं सांगत. हे कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. थांबवून पाहायची छातीच कुणाला झाली नव्हती.

त्यामुळे गावात मोठी गंमत झाली होती. तिथे थोरामोठ्यांनाही आपली आपण झोप येत नसे. नवरदेव सासुरवाडीला गेला की त्याची खाट हलवायला मेव्हणे बसत. पाटलांनी तर त्यासाठी गडीच ठेवला होता. गडी पेंगला की पाटील जागे होत, आणि पाटील जागे झाले की त्यांच्या ओरड्याने सगळी आळी जागी होई.

याच गावात गोजरा नावाची सून होती. तिचा राघू नुकताच रांगू लागला होता. नवरा दोर विकायला दूरच्या बाजारांना गेलेला. दोरीने गोजराच्या मनगटावर काळा वळ उठला होता, एका हाताने तिला भाकरीसुद्धा धड थापता येत नव्हती. पण तिचा जीव तुटायचा तो राघूसाठी. त्याचे डोळे सदा लाल. थकून झोपायचा, दचकून उठायचा आणि दिवसभर किरकिरायचा.

एका दुपारी बसल्या बसल्या गोजराला डुलकी लागली. जाग आली तेव्हा राघू कूस बदलत कुंई कुंई करत होता. ती हिसका देणार, पण मुंग्या येऊन तिचा हात लाकडासारखा झाला होता. तो उचललाच जाईना. राघू जरा पुटपुटला, त्याने अंगठा तोंडात घातला, गोधडीत गाल खुपसला आणि पुन्हा गाढ झोपला.

गोजरा स्वतःशीच म्हणाली, "अगं बाई! म्हणजे रोज याला उठवत होते ती मीच!"

तिने दाताने मनगटाची गाठ सोडली.

संध्याकाळी सासूने पाहिलं. सासूला ती आत्याबाई म्हणत असे.

"दोरी कुठंय गं?"

"खुंटीला."

"आणि पोराचा श्वास थांबला म्हणजे?"

"त्याचा श्वास मी ऐकतेय, आत्याबाई. दोरीला कुठे कान आहेत?"

दुसऱ्या दिवसापासून तिने नवी रीत धरली. राघूला पोटभर पाजायचं, अंग चोळायचं, रोजची तीच ओवी म्हणायची आणि तो जागा असतानाच पाळण्यात ठेवायचं. आधी पोटावर हात ठेवून ती बसली. मग नुसती जवळ. मग उंबऱ्यात. राघूने पहिल्यांदा घर डोक्यावर घेतलं. तिने त्याला उचललं, शांत केलं, पुन्हा ठेवलं. हळूहळू तिला त्याची कुरकुर आणि त्याचं रडणं वेगळं ऐकू येऊ लागलं. कुरकुर म्हणजे तो झोपेची वाट शोधतोय. रडणं म्हणजे हाक. हाकेला ती धावायची. वाट मात्र त्याची त्याला शोधू द्यायची.

विहिरीवर बायका जमल्या की टोमणे सुरू होत.

"राणीसाहेबांचे हात दुखले वाटतं! आमची आई पाच पोरांची दोरी ओढून म्हातारी झाली."

"म्हणून तर तुझे भाऊ अजून खाट हलवून घेतात," गोजरा म्हणाली आणि घागर उचलून चालू लागली.

गोष्ट पाटलांच्या कानावर गेली. एका दुपारी ते गड्याला घेऊन अंगणात आले. मागोमाग गाव आलं.

"दोरी बांध," पाटील म्हणाले. "नाहीतर पोर उद्यापासून तुझ्या जावेकडे, तिच्या दोरीच्या पाळण्यात."

गोजरा उंबऱ्यातून हलली नाही.

"पाटील, त्याची झोपायची वेळ झालीय. बसा इथेच. दोरीला हात न लावता तो झोपला नाही, तर मीच त्याला जावेच्या ओटीत घालीन."

तिने राघूला पाळण्यात ठेवलं आणि ती उंबऱ्यात येऊन बसली. एवढे अनोळखी चेहरे पाहून राघूने भोकाड पसरलं. गोजरा धावत गेली आणि त्याच्या पोटावर हात ठेवून ओवी म्हणू लागली.

"हरली! हरली!" कुणीतरी ओरडलं.

"हाकेला जाणार नाही असं मी कधी म्हटलं?" गोजरा मान वर न करता म्हणाली. "दोरी अजून खुंटीलाच आहे. आणि ओरडू नका, पोर झोपतंय."

रडणं थांबलं तशी ती मागे सरली, उंबऱ्यात बसली. राघू कुरकुरला. आत्याबाईंचा हात सवयीने खुंटीकडे गेला.

"आत्याबाई, नको."

हात वाटेतच थांबला. राघूने अंगठा तोंडात घातला, कूस बदलली. हळूहळू श्वास संथ झाला, आणि तो झोपला.

तेवढ्यात घोरण्याचा आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. त्या शांततेत, भिंतीला टेकून, पाटील झोपले होते! खाट नाही, हिसका नाही, काही नाही. गडी लगबगीने त्यांचा खांदा हलवायला धावला.

"हात लावू नकोस रे!" आत्याबाई पुटपुटल्या. "जन्मात पहिल्यांदा माणूस आपला आपण झोपलाय."

त्या दिवशी आत्याबाईंनी खुंटीवरची दोरी काढली आणि विहिरीच्या पोहऱ्याला बांधली. हळूहळू घरोघरच्या दोऱ्या सुटल्या. आयांच्या मनगटांवरचे वळ गेले, पोरांचे डोळे निवळले, आणि पाटलांचा गडी शेतीला लागला.

म्हणून लक्षात ठेवा: हाकेला धावणारा आणि वेळ आली की सोडणारा हातच मुलाला मोठं करतो.