ठकूआईचा शिराज मळा

या मळ्यात वेली मोजून एकशे नऊ. खोडं माणसाच्या मांडीएवढी जाड, पण एकही वेल कमरेच्या वर गेलेली नाही. तुम्ही खाली जी शिराज वाईन चाखलीत ती फक्त याच वेलींची. दुसऱ्या मळ्याचा एक मणीही तिच्यात पडत नाही. इतक्या जुन्या वेली अशा बुटक्या का, हे सगळेच पाहुणे विचारतात. माझ्या आजेसासूने मला सांगितलं, तसंच सांगते.

फार पूर्वी इथे एक जहागीरदार होता. इराणातल्या शिराजहून आलेल्या एका व्यापाऱ्याकडून त्याने या वेली घेतल्या, असं म्हणतात. अशी द्राक्षं पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाकडे असू नयेत, हा त्याचा हट्ट. मळ्यातली काडी बाहेर नेईल त्याचा हात तोडीन, अशी त्याने दवंडी पिटवली होती.

मळ्याचं सगळं रायाजी आणि त्याची बायको ठकू बघत असत. त्यांची लेक मैना शेजारच्या गावात दिलेली, पहिलटकरीण. तिच्या दारातही वेल चढावी म्हणून ठकूने छाटणीत पडलेली एक काडी अंबाड्यात खोवली. वेशीवर पहारेकऱ्याने ती ओढून काढली.

जहागीरदाराने रायाजीला बोलावलं. "छाटणीत तुझा हात धरणारा कुणी नाही म्हणतात. हिची चार बोटं छाट. तुला जमत नसेल, तर माझा माणूस मनगटापासून तोडील."

रायाजीने पाय धरले, भुईवर डोकं आपटलं. शेवटी ठकूच म्हणाली, "धनी, वेलीवर घालता तसा घाला. एकाच घावात."

त्याने घातला. आठव्या दिवशी कोयती बांधावर ठेवून डोंगराकडे गेला, तो परत आलाच नाही.

"नवऱ्याचं काम आता तू कर," जहागीरदाराने ठकूला फर्मावलं. वेलींवर कुऱ्हाड घातली असती तर त्याने मैनेचं घर जाळलं असतं. पण छाटणीला कोण बोल लावणार? ठकूने डाव्या हातात कोयती धरली. काडीवर फुटव्याचे चार डोळे राखायचे, तिथे तिने एकच राखला. मराव्यात म्हणूनच छाटल्या. पाणीही लपूनछपून तोडलं.

वेली मेल्या नाहीत. घड मोजकेच धरले, पण असे काळे आणि गोड, की जहागीरदाराने चारचौघांत तिची पाठ थोपटली. "बाईचा हात नवऱ्यापेक्षा गुणाचा निघाला," म्हणाला, आणि लुगडं दिलं. ते नेसूनच तिला मळ्यात यावं लागे.

पुढच्या वर्षी तिने आणखी खोल छाटलं. रस आणखी दाट झाला. एकतीस वर्षं हे असंच चाललं म्हणे.

शेवटी ती अंथरुणाला खिळली. मैना उशाशी बसली होती. ठकूने विचारलं, "मैने, वाळल्या का गं?"

बाहेर वेलींवर घड पिकायला लागले होते, मण्यांत पाणी भरत होतं. मैनेने आधी उठून दार लोटून घेतलं.

"वाळल्या, आये. सगळ्या."

मग म्हातारीने जीव सोडला.

आजही या मळ्यात छाटणी आम्ही बायकाच करतो. शेवटची वेल झाली की बांधावर तिच्या नावाने मांडलेल्या दगडापाशी जाऊन हळूच सांगतो, "वाळल्या बरं का, ठकूआई." आणि काड्यांचे डोळे फुटायच्या आत दगडावर कापड टाकतो. तोडणी होऊन शेवटची पाटी खाली जाईपर्यंत ते कुणी काढत नाही.