छत्री धरणारे पाचवे माणूस

गावच्या सोसायटीचे चेअरमन बस्त्याव डाबरे यांनी फर्मान काढले: प्रत्येक घराने चेअरमनच्याच फार्मवरची पांढरी विलायती डुकरीण पाळावी आणि गावठी काळी खाटकाला द्यावी. पाळणाऱ्यांना मात्र कोणी विचारले नाही. वैशाखातल्या भर दुपारी पांढरी डुकरीण उतरवून काळी न्यायला टेम्पो कार्मेलीनच्या दारी थांबला, तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिची काळी डुकरीण गाभण होती. लेकीच्या लग्नाचे जेवण त्या पिल्लांवरच ठरले होते.

अंगणात खुर्ची टाकून, गड्याकडून डोक्यावर छत्री धरवून चेअरमन खेकसले, "हे काळं ध्यान पोसण्यात कसली अक्कल? हिचा एक तरी गुण दाखव, टेम्पो परत नेतो!"

"सगळ्यांनी ऐकलं हं, साहेब. तुमचा चहा होईपर्यंत दोघी डुकरिणींना इथेच उन्हात राहू द्या."

काळी न्हाणीच्या सांडपाण्याच्या चिखलात लोळून निवांत पडली. फरशीवर वाढलेली पांढरी चिखलाकडे फिरकेना. तिची कातडी लालबुंद झाली, ती धापा टाकू लागली. चेअरमन कप ठेवून ओरडले, "अरे गाढवा, बघतोस काय? छत्री तिच्यावर धर!"

कार्मेलीन म्हणाली, "घेते हो तुमची डुकरीण. पण हा छत्रीवालाही ठेवून जा. घरात आम्ही चौघं, चौघंही दिवसभर शेतात. छत्री धरायला पाचवं माणूस कुठून आणू?"

कुंपणापाशी जमलेले शेजारी खदखदून हसले. टेम्पो परत फिरला, तेव्हा छत्री डुकरिणीवर होती आणि साहेबांचे टक्कल उन्हात.