भुरक्याची शिंगरं

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात माणसांपेक्षा घोडे जास्त. तिथली पोरं धड चालायला लागायच्या आधी घोड्यावर बसायची. लग्न असो की भांडण, घोड्यावाचून गावाचं काही म्हणता काही हलायचं नाही.

त्या गावाचा एक कडक रिवाज होता. वयात आलेल्या घोड्याला दोन साल घोड्या दाखवायच्या आणि तिसऱ्या साली पंचांनी माळावर बसून निकाल द्यायचा. घोडा पसंत पडला तर त्याचा वंश पुढे चालायचा. नापसंत झाला तर त्याच दिवशी त्याला खच्ची करायचे, म्हणजे वंश तिथंच संपला, आणि तो कायमचा ओझ्याला लागला. माळावर गवत थोडं, मग वाईट वाण कशाला पोसायचा, असं जुनी माणसं म्हणत. म्हणणं खोटं नव्हतं. पण पसंती करायची कशावरून, इथंच घोडं पेंड खात होतं.

पंच बघायचे रंग आणि भोवरे. अंगावरचे केस एखाद्या जागी गोल फिरलेले असतात ना, तो भोवरा. अमक्या जागी असला तर मालकाची भरभराट, तमक्या जागी असला तर घात. हे बघता बघता घोडा चालतो कसा, हे बघायचं राहूनच जायचं.

त्या साली निकालाला दोन घोडे होते. एक पाटलांचा पंचकल्याणी. चारी पाय पांढरे, तोंडावर पांढरा पट्टा, रुबाब असा की जाणाऱ्याची मान वळलीच पाहिजे. दुसरा सगुणाबाईचा भुरक्या. रंग मातकट, डोकं जरा मोठं, आणि कपाळावर एकाखाली एक दोन भोवरे. म्हणजे अशुभातला अशुभ.

सगुणाबाई एकटी बाई. तोंडानं फटकळ, पण हात मायेचा. भुरक्याची आई त्याला जन्म देऊन गेली, तेव्हा हिनंच त्याला शेळीचं दूध पाजून जगवलं होतं. निकालाच्या दिवशी तिनं स्वतः त्याला माळावर आणलं.

पंचांचे मुख्य होते रखमाजी नाईक. म्हातारे, हट्टी, पण लबाड मुळीच नव्हते. त्यांनी भुरक्याच्या कपाळावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "सगुणे, याचं काय बघायचं? आपल्या वाडवडिलांनी असला घोडा कधी ठेवला नाही."

"नाईकबाबा, मोहोर बघून आंबा गोड म्हणता का तुम्ही?" सगुणाबाई म्हणाली. "दोन साल झाली घोड्या दाखवून. शिंगरं जन्मली आहेत. ती बघा आणि मग बोला."

नाईकांनी जरा विचार केला. मागणं रास्त होतं. "आणा शिंगरं," ते म्हणाले.

शिंगरं आली. एका बाजूला पंचकल्याणीची, दुसऱ्या बाजूला भुरक्याची. आता खरं सांगायचं तर, पाटलांची बाजू उजवी दिसत होती. ती शिंगरं उंच, चकचकीत, खेळण्यातल्यासारखी देखणी. भुरक्याची आपली बापाच्या वळणावर गेलेली, मातकट. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. खच्ची करणारा माणूस दोर उलगडायला लागला.

तेवढ्यात सगुणाबाईची नजर भुरक्याच्या एका शिंगरावर गेली. ते तेल्याच्या घोडीचं होतं. त्या घोडीचे पुढचे पाय फेंगडे, सगळ्या गावाला ठाऊक. आणि हे शिंगरू तर खांबासारखं सरळ उभं होतं.

"नाईकबाबा, अजून एक करा," ती म्हणाली. "यांच्या आया आणा."

शिंगरं आईकडे पळतात आणि गोंधळ होतो, म्हणून निकालाच्या दिवशी घोड्या घरीच बांधून ठेवायची पद्धत होती. पाटील म्हणाले, "निकाल घोड्याचा आहे. घोड्या कशाला?"

"कशाला ते सांगते. पाटील, तुमचा घोडा शुभ, म्हणून मोठ्या घरांनी निवडक घोड्या तिकडं नेल्या. माझ्या भुरक्याकडं कोण आलं? तेल्याची फेंगडी, मीठवाल्याची दमेकरी, आणि ती चावरी, जिला कुणी दारात उभं करत नव्हतं. शिंगरू आईशेजारी उभं करा. बापानं काय दिलं ते तिथं दिसेल."

नाईक काठी टेकत उठले. "आणा घोड्या."

घोड्या माळावर येऊन खिंकाळल्या आणि प्रत्येक शिंगरू आपापल्या आईकडे धावलं. कोण कुणाचं, ते सांगायला माणूस लागलं नाही. नाईक एकेका जोडीपुढे थांबून बघू लागले. पाटलांकडच्या घोड्यांच्या छात्या रुंद, शिंगरांच्या अरुंद. आयांचे खूर दगडासारखे, शिंगरांचे ठिसूळ.

"माळाकडेच्या नाल्यापलीकडं सोडा सगळ्यांना," नाईक म्हणाले.

मोठ्या घरच्या घोड्यांनी एका झेपेत नाला ओलांडला. त्यांची शिंगरं काठावर अडली, एक तर लंगडत परत आलं. मग भुरक्याकडच्या सुटल्या. फेंगडी घोडी नाल्यात धडपडली, तोवर तिचं शिंगरू पलीकडे पोहोचून आईची वाट बघत होतं. दमेकरी अर्ध्या वाटेत थांबली. तिच्या शिंगरानं नाला ओलांडून परत येऊन तिच्याभोवती फेरी मारली, आणि त्याला धापसुद्धा लागली नव्हती. चावरीला दोन गड्यांनी आवळून धरलं होतं. तिच्या शिंगराच्या तोंडात नाईकांनी हात घातला, तर ते शहाण्यासारखं उभं राहिलं.

नाईक माघारी आले.

"पाटील, तुमच्या घोड्याला सोन्यासारख्या घोड्या मिळाल्या. एकही शिंगरू आईपुढं गेलं नाही. याच्या वाट्याला आल्या टाकाऊ घोड्या, आणि एकही शिंगरू आईच्या मागं राहिलं नाही. भुरक्या पसंत. आणि यापुढं या माळावर भोवरे बघायचे नाहीत."

मग काय विचारता. ढोल कडाडले, गुलाल उधळला, मातकट भुरक्या लालेलाल झाला. तेली आणि मीठवाला आपापली शिंगरं पुढं घालून नाचले. सगुणाबाई भुरक्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली, आणि आनंदानं इतकी रडली की तिला बोलताही येईना. सगुणाबाईची बोलती बंद झालेली गावानं पहिल्यांदाच पाहिली.

पंचकल्याणी नापसंत झाला खरा, पण ओझ्याला लागला नाही. नवरदेव मिरवायला त्याच्यासारखा घोडा पंचक्रोशीत नव्हता, आणि ते काम त्यानं जन्मभर झोकात केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाबाईच्या दारात घोड्यांची रांग, शेवटी मीठवाला. पाटील स्वतः आपली सगळ्यात चांगली घोडी घेऊन आले आणि थेट पुढं जाऊ लागले.

"पाटील, मीठवाल्याच्या मागं," सगुणाबाई म्हणाली.

पाटील मुकाट्यानं मीठवाल्याच्या मागं जाऊन उभे राहिले.

तात्पर्य: कुणाचं मोल ठरवायचं असेल तर त्याच्या हातून काय घडलं ते बघावं, आणि ते घडवायला त्याला काय मिळालं होतं, तेही बघावं.