बाईंच्या आवाजाचं कुलूप

“पण बाबा, पासवर्ड बरोबर आहे. मग उघडत का नाही?”

सारंगधरबाबा पोथीचा बस्ता बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मले विचारतं, का त्या डब्याले?”

विपुल नेरकरनं कॉम्प्युटरच्या डब्याकडे पाहिलं. डब्याला तो सकाळपासून विचारतच होता.

वऱ्हाडातला हा महानुभावांचा मठ. लहानसा, फारसा कुणाच्या खिजगणतीत नसलेला. पण इथे सकळ लिपीतल्या पोथ्या आहेत. त्या लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरंच अक्षर लिहितात. रीत ठाऊक असेल त्याला मजकूर कळतो, बाकीच्यांना नुसतं गिचमिड दिसतं. मठातल्या सरूबाई त्या पोथ्या सकाळचं वर्तमानपत्र वाचावं तशा वाचायच्या. त्यांच्याइतकं सलग वाचणारं मठात दुसरं कुणी नव्हतं.

विपुल पुण्याची नोकरी सोडून इथे शिकायला आला होता. पोरगा हुशार. आपण हुशार आहोत हेही त्याला चांगलं ठाऊक होतं. एक हिवाळाभर तो दुपारी बाईंसमोर बसला आणि त्यांचं वाचन मठाच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करत राहिला. ती सगळी ठेव तो एका डिस्कवर घालत गेला, आणि त्या डिस्कला त्यानं पहिल्याच दिवशी एन्क्रिप्शनचं कुलूप लावलं. पासवर्ड टाकल्याशिवाय आवाज नाही. इंग्रजी पासवर्ड कुणीही फोडेल, मराठी कोण फोडणार, म्हणून पासवर्डही मराठीत ठेवला.

तेव्हा बाबांनी विचारलं होतं, “किल्ली आणखी कोणापाशी हाय?”

“कोणापाशीच नाही. म्हणून तर सुरक्षित आहे.”

“अन् तू विसरला तं?”

“मी विसरत नाही, बाबा.”

खरंच तो विसरला नव्हता. पंचाईत तीच होती. अडीअडचणीला लागणारी जादा किल्लीसुद्धा त्यानं एका फाइलमध्ये जपून ठेवली होती, आणि ती फाइल त्याच डिस्कमध्ये होती. कपाटाची दुसरी किल्ली कपाटात ठेवून वरून कुलूप लावणारं एक तरी माणूस प्रत्येक घरात असतं. आमचं ते पुण्याहून आलं होतं. आवाजाची दुसरी प्रत म्हणाल, तर ती चोरीला जाईल म्हणून त्यानं मुद्दाम ठेवली नव्हती.

बाईंना जाऊन वर्ष झालं. आज दुपारी त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकवायचं ठरलं होतं. बाईंची धाकटी बहीण ठकूबाई त्यासाठी एसटीनं आली होती. आल्याआल्या तिनं दंडवत घातला, आणि कॉम्प्युटरच्या खोलीत भिंतीला टेकून बसली. पिशवी मांडीवरून खाली ठेवायलाही तयार नव्हती.

आणि नेमका आज सकाळी विपुलनं कॉम्प्युटर अपडेट केला.

काय अडलं होतं? काही नाही. पडद्यावर सूचना आली, आणि जुनं चालतंय तर चालू दे, असं म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

अपडेट झाला आणि स्कॅनर बंद पडला. मग स्पीकर मुका झाला. कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेली यंत्रं यांच्यामध्ये एकेक दुभाष्या असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. अपडेटनं त्या दुभाष्यांची घडी विस्कटली होती. विपुल चिडला. एकेक कशाला पाहत बसायचं, म्हणून त्यानं सगळ्यांचेच ड्रायव्हर काढून नवे घातले. स्कॅनर चालला, स्पीकर बोलला. तो हात झटकत उठला आणि ठकूबाईसाठी चहा सांगून आला.

मग त्यानं डिस्कचा पासवर्ड टाकला. डिस्कनं नाकारला.

पुन्हा टाकला. नाकारला. एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअरच काढलं, नवं घातलं, पुन्हा टाकला. आता पडद्यावर लाल अक्षरं आली होती… आणखी एकदा चुकलात, तर ही डिस्क कायमची बंद होईल.

ही कडक अट विपुलनंच निवडली होती. चोरांसाठी.

“सकाळपासून काय काय बदलवलं?” बाबांनी विचारलं.

“सगळंच.”

“एका खेपेले?”

“हो.”

“मंग मोडलं कशानं, ते कोणाले विचारशीन?”

विपुलनं कॉम्प्युटरच्या तारा उगाच पुन्हा घट्ट बसवल्या.

“चालू होते का रे बाप्पा?” भिंतीकडून ठकूबाईनं विचारलं.

“होतंय मावशी. थोडंच राहिलंय.”

बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. थोडं म्हणजे काय राहिलंय, हे विपुलला माहीत होतं. बाई गेल्या तेव्हा तो रडला नव्हता. आवाज आहे आपल्यापाशी, असं मनाला सांगून त्यानं वर्ष काढलं होतं. आता आवाजही जातो की काय?

“बाबा… एकदा शेवटचं टाकून पाहतो.”

बाबा उठले. हातातला बस्ता त्यांनी आणला आणि सरळ कीबोर्डवर ठेवला.

“नाव लिव्हलं?”

“कसलं नाव?”

“तुहं. पोथी उघडाच्या आधी लिव्हतात थे.”

या मठाची ती रीत आहे. सकळ लिपीतली पोथी उघडायच्या आधी वाचणाऱ्यानं पाटीवर त्या लिपीत स्वतःचं नाव लिहायचं. नाव नीट उमटलं, तर बस्ता सोडायचा. चुकलं, तर त्या दिवशी वाचन नाही. सरूबाईंचा उभा जन्म त्या पोथ्यांत गेला, पण त्यासुद्धा रोज लिहायच्या. विपुलनं सुरुवातीला लिहिलं आणि मग सोडून दिलं. आपलं नाव आपल्याला येतं, ते रोज काय तपासायचं?

“बाबा, ती पोथीची रीत आहे. हे मशीन आहे.”

“बरं.”

बस्ता हलला नाही.

“आणि इथे पाटी कुठून आणू?”

“एवढा मोठा डबा. त्याच्यात पाटी नाई?”

होती. कोरं पान उघडलं की झाली पाटी. विपुलनं चरफडत माउस फिरवला, पान उघडलं. बाबांनी बस्ता उचलून पोटाशी धरला.

विपुलची बोटं सराईत. त्यानं कीबोर्डकडे न पाहता नाव टाइप केलं.

पडद्यावर उमटलं ते विपुल नव्हतं. ते कुणाचंच नाव नव्हतं.

त्यानं ते पुसलं. सावकाश, एकेक बोट उचलून पुन्हा लिहिलं… पुन्हा तेच गिचमिड.

तो पडद्याकडे बघत राहिला. पासवर्डच्या चौकटीत अक्षरं दिसत नाहीत, नुसते ठिपके दिसतात. सकाळपासून ठिपक्यांकडे पाहूनच तो म्हणत होता, पासवर्ड बरोबर आहे.

“कीबोर्डचा ड्रायव्हर…” तो पुटपुटला. “मराठी अक्षरांचा जुना ड्रायव्हर गेला. नवा आला, त्याची मांडणी वेगळी आहे. माझी बोटं जुन्या जागी पडतायत, आणि अक्षरं भलतीच उमटतायत.”

“हं.”

“सकाळपासून मी सकळ लिपीत लिहितोय, बाबा.”

तो हसला. दुसरं कुणी हसलं नाही, तसा तोही थांबला.

“मंग आता?”

“मागे जावं लागेल. जुना ड्रायव्हर परत आणावा लागेल.”

“येते मांगं जाता?”

“येतं.”

“जा मंग. कोणं अडवलं?”

विपुल मागे गेला. सकाळपासून पहिल्यांदाच त्यानं एका वेळी एकच गोष्ट बदलली, बाकी कशाला बोट लावलं नाही. कॉम्प्युटर बंद झाला, चालू झाला. त्यानं कोऱ्या पानावर नाव लिहिलं.

विपुल नेरकर.

स्वतःचं नाव वाचून इतकं बरं त्याला शाळेच्या निकालातही वाटलं नव्हतं. त्यानं लगेच डिस्कची चौकट उघडली.

कीबोर्डवर पुन्हा बस्ता आला.

“आता काय, बाबा? नाव तर आलं.”

“नावातली अक्षरं आली. किल्लीतली?”

“ती येतीलच की.”

“एकच खेप उरली म्हणतं ना तू?”

विपुल थांबला. म्हातारा बरोबर बोलत होता. पासवर्डसुद्धा आधी कोऱ्या पानावर लिहून पाहायला हवा होता. सगळ्यांना दिसेल असा.

“बाबा… पासवर्ड कुणासमोर लिहीत नाहीत.”

“बरं.”

“तुम्ही जरा बाहेर…”

बाबा बस्त्यावर हात ठेवून उभे राहिले. बाहेर अंगणात कुणीतरी पाणी शेंदत होतं, रहाटाची कुरकुर ऐकू येत होती.

विपुलला ती हिवाळ्यातली दुपार आठवली. पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग संपलं होतं आणि तो डिस्कला कुलूप लावत होता. बाई समोर बसून त्याच्यासाठी संत्रं सोलत होत्या. वरचा पांढरा धागान् धागा काढून एकेक फोड त्याच्यापुढे ठेवत होत्या. तो डाव्या हातानं फोड तोंडात टाकत होता आणि उजव्या हातानं पासवर्ड टाइप करत होता. तेव्हा त्याला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. आता त्याचे कान तापले.

“टाकू का, बाबा?”

बाबांनी बस्ता उचलला.

विपुलनं कोऱ्या पानावर लिहिलं…

बाईंनंतर मीच.

बाबांनी वाचलं.

“काय लिव्हलं बाप्पा?” ठकूबाईनं विचारलं. तिला तिथून दिसत नव्हतं. “माह्या बहिणीचं काही हाय का?”

विपुलनं बाबांकडे पाहिलं. बाबा खिडकीतून अंगणाकडे बघत होते. काही नाही मावशी, असं म्हणून सुटता आलं असतं. बाबांनी चकार शब्द काढला नसता.

“मावशी… ‘बाईंनंतर मीच’, असं लिहिलंय. हाच पासवर्ड आहे. मी ठेवलेला.” तो तिच्याकडे वळला. “बाई समोर बसलेल्या असताना ठेवलेला.”

ठकूबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

“बरं. आता आवाज तं लाव.”

विपुलनं डिस्कच्या चौकटीत तेच शब्द टाकले. ठिपके उमटले. त्याचं बोट एंटरवर थोडं थांबलं… आणि पडलं.

डिस्क उघडली.

त्याला आनंदानं ओरडावंसं वाटलं, पण ओरडवेना. त्यानं पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं. आधी नुसती खरखर आली. मग पाटी सरकवल्याचा आवाज आला. मग बाईंचा.

“नाव लिव्हलं का रे आधी?”

“लिहितो बाई. चला ना, सुरू करू.” हा विपुलचाच आवाज होता. त्याला तो ऐकवेना.

“चला ना काय? घाई कोणाची हाय? आयक. माह्या मांगं हे तूच वाचशीन, दुसरं कोणी दिसत नाई मले. अन् वाचशीन तं साऱ्यायले शिकवशीन. काय म्हणलं?”

“हो बाई.”

“लिव्ह मंग.”

पाटीवर खडू करकरला. बाई हसल्या. “पाह्य बरं, आलं का नाई तुहं नाव?” आणि त्यांनी पोथी वाचायला घेतली, ती पाण्यासारखी वाहत राहिली.

हे बोलणं विपुलनं तेव्हा ऐकलं होतं. त्यातलं अर्धंच त्यानं मनात ठेवलं होतं.

ठकूबाईनं डोळे मिटून डोकं भिंतीला टेकवलं होतं. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते ती पुसत नव्हती. अंगणातली माणसं एकेक करत दारात आली, उंबऱ्याशी बसली. रहाटाची कुरकुर थांबली होती. विपुल खाली मान घालून रडत होता, चांगला हमसून, वर्षभराचं राहिलेलं. कुणी त्याची समजूत घातली नाही.

वाचन संपलं. विपुलनं डोळे पुसले.

“बाबा,” शेवटी तो म्हणाला, “हा पासवर्ड आता मला ठेववत नाही. नवा काय ठेवू?”

बाबांनी बस्त्याची गाठ सोडली आणि पोथी त्याच्या हातात दिली.

“तिनं आत्ता सांगतला ना… साऱ्यायच्या देखत. तू सोडला तो अर्धा, तोच ठेव.”