खिंडीपल्याड पोचलेलं पोतं

तुम्ही कधी दूरच्या आपल्या माणसाला काही पाठवलं आहे का हो? डबा बांधून दिला, गाडी वळणाआड गेली, आणि ते पोचलं की नाही हे कळेपर्यंत घास घशाखाली उतरला नाही, असं कधी झालं आहे का? झालं असेल, तर कमळजा राणीचं दुःख तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको.

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा राज्य करीत होता. जमीन सुपीक, प्रजा कष्टाळू, आणि राजधानीचं कोठार तर एवढं मोठं की आत हत्ती शिरला तर दिसेनासा व्हावा. पण त्या राज्याला एक शाप होता. कोठारातून निघालेल्या धान्याची वाटेत कुठेतरी वाळू होई. आसपासच्या गावांचं भागत असे, कारण त्यांच्या दाराशी शेतं होती. पण डोंगरातल्या खिंडीपलीकडे सीमागड होता, नुसत्या कातळावर उभा. तिथे काही पिकत नसे. तिथे गहू भरून निघालेली गाडी पोचे, ती वाळू घेऊन.

राजा म्हणे, "गाड्या वाढवा." गाड्या वाढल्या. वाळूही वाढली.

त्याच गडावर राजाची आणि कमळजा राणीची एकुलती एक लेक शेवंती दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण घाटातून मेणा उतरवणं जोखमीचं म्हणून ती तिकडेच राहिली. राणीने स्वतः चुलीपाशी बसून डिंकाचे लाडू वळले आणि पाठवले. आता ती रोज सज्जात उभी राहून डोंगराकडे बघत बसे.

एके दिवशी सज्जाच्या कठड्यावर एक धनेश पक्षी येऊन बसला. चोच मोठी, आवाज घोगरा.

"राणी, लेक सुटली. मुलगी झाली."

राणीने हात जोडले. "दोघी सुखरूप आहेत ना?"

"आज आहेत. गडावर दाणा नाही. शेवंतीच्या अंगावर दूध नाही. बाळ रडतं आणि रडून दमतं."

"मी लाडू पाठवले होते रे."

"वाळू पोचली. पण आईने पाठवलेली म्हणून तिने ती उशाशी ठेवली आहे."

राणीने तोंडाला पदर लावला. धनेश कठड्यावरून जवळ सरकला. मग म्हणाला, "माझी घरवाली पिलांसाठी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते. मी उंबरं नेऊन चोचीत दिली, तर ती जगते. पाठवणं वेगळं आणि पोचवणं वेगळं, हे आम्हा धनेशांना कुणी शिकवावं लागत नाही. तुम्ही नुसतं पाठवता."

"शाप कुणाचा आहे?"

"खिंडीतल्या मांत्रिकाचा."

"तो उतरायचा कसा?"

"त्याच्या तीन अटी आहेत. आजवर कुणी विचारल्या नाहीत, म्हणून त्यानेही सांगितल्या नाहीत. जे आधी आलं, ते आधी निघावं. हात बदलेल, तिथे पोच मिळावी. आणि घेणाऱ्याला विचारून द्यावं."

राणी तशीच उठली आणि कोठाराकडे गेली. दाराशी दाजिबा कोठावळा उभा होता. त्याच्या मागे नव्या गव्हाची थप्पी, तिला हार घातलेले.

"दाजिबा, सगळ्यात आधी आलेलं धान्य कुठे आहे?"

"राणीसाहेब, आपल्याकडे नवं दाराशी राहतं. वाजतगाजत येतं, आम्ही ओवाळून घेतो. राजाच्या हातून जायचं ते नवंच जायला हवं, नाहीतर दरबाराची शोभा काय राहिली?"

"आणि जुनं?"

"जुनं मागे सरतं."

"मागे म्हणजे कुठे?"

दाजिबाने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. "मागे कुणी गेलेलं नाही. आमचे आजोबासुद्धा नाहीत."

राणीने पदर खोचला आणि पहिल्या पोत्याला हात घातला. राणीने हात घातल्यावर दाजिबा कसा उभा राहील? हमाल धावले, पहारेकरी धावले. थप्पीमागून थप्पी अंगणात आली. कुठे गव्हाचं पीठ झालेलं, कुठे तांदळाला जाळी धरलेली. एक सोंडकिडा तर एवढा म्हातारा होता की त्याला पांढऱ्या मिशा होत्या. त्याने राणीला मुजरा केला आणि वाट दिली.

अगदी मागच्या भिंतीशी एक लहानसं पोतं उसासे टाकत होतं.

"कोण आहेस?" राणीने विचारलं.

"नाचणी."

"किडलीस का गं?"

"नाचणी लवकर किडत नाही, राणी. नुसती थकले आहे. खिंडीतल्या वाडीत दुष्काळ होता. मला तिकडे निघायचं होतं. त्याच दिवशी नवा गहू वाजतगाजत आला. त्याच्यासाठी मला म्हणाले, जरा मागे सर."

राणीने ते पोतं स्वतः गाडीत ठेवलं. त्याच्यामागे बाकीचं चांगलं धान्य, जसं आलं होतं त्याच क्रमाने गाड्यांत भरायला दाजिबाला सांगितलं, आणि ती निघाली. पहिली अट पुरी झाली.

आता तिला धीर धरवेना. वाटेत बैल न बदलता, एकाच जोडीने ती तडक पुढे गेली. नदी ओलांडली आणि बैल वाटेतच बसले. शेजारच्या गावचा गाडीवान रखमाजी झाडाखाली भाकरी खात होता. तो हसला.

"बाईसाहेब, बैलांच्या जागी आता स्वतःला जुंपायचा बेत आहे वाटतं? राजवाड्यातली माणसं, काही भरवसा नाही."

"माझी बाळंतीण लेक उपाशी आहे, दादा."

रखमाजीच्या हातातली भाकरी खाली आली. "असं होय! मग आमच्या शिवेपर्यंत आमचे बैल नेतील. पुढे पुढचे नेतील. ज्याला आपला रस्ता ठाऊक, त्याने तेवढाच हाकावा. पण मागाहून वाळू निघाली तर आमच्या नावाने खडे फोडू नका. आजवर तेच होत आलं. आम्ही म्हणायचं, आमच्याकडे होतं तोवर गहू होता. पुढचे म्हणायचे, आलीच वाळू."

"म्हणून पोतं घेताना उघडून बघा. आत हात घाला. जे असेल ते मोठ्याने सांगा."

रखमाजीने हात घातला. "नाचणी आहे. कोरडी आहे. पोच!"

तो शब्द त्याच्या तोंडातून निघाला, त्याचा एक हिरवा राघू झाला आणि राजधानीकडे उडाला. पुढच्या शिवेवर दुसरा गाडीवान म्हणाला, "पोच!" दुसरा राघू उडाला. राजवाड्याच्या गच्चीवर भद्रसेन राजा येणारे राघू बघत राहिला. आपली गाडी या घटकेला कुठे आहे, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. मग त्याने आणखी गाड्या मागवल्या नाहीत. तो गच्चीवरच बसला आणि वाट पाहू लागला. दुसरी अट पुरी झाली.

गाडी खिंडीत आली. तिथे वाटेच्या मधोमध एका दगडावर मांत्रिक बसला होता. जटा पायांपर्यंत, डोळे वाटेवर. वाऱ्यावर गडावरून एका तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येत होतं, बारीक, थांबून थांबून.

"कुणासाठी नेतेस?" मांत्रिकाने विचारलं.

'माझ्या लेकीसाठी' हे शब्द राणीच्या ओठांवर आले होते. पण तिला तिसरी अट आठवली. ती गाडीतून खाली उतरली.

"बाबा, तुम्हाला काय हवं आहे?"

मांत्रिकाचा चेहरा हलला. हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

"मला माझ्या आईसाठी नाचणी हवी होती," तो म्हणाला. "मी पोरगा होतो. आई बाळंतीण होती. राजाचा सांगावा आला, पोतं निघालं म्हणून. मी या दगडावर बसून वाट पाहिली. धाकटं गेलं. मग आई गेली. मी अजून बसलो आहे."

गडावरचं रडणं थांबलं. राणीने मान वर करून गडाकडे पाहिलं. मग ते पुन्हा सुरू झालं. मागच्या गाड्या अजून नदीपलीकडे होत्या. हाताशी होतं ते एवढंच पोतं.

राणीने ते खाली उतरवलं आणि मांत्रिकाच्या पुढ्यात ठेवलं.

"हे तुमचं आहे, बाबा. माझ्या लेकीचं नाही. फार उशीर झाला."

मांत्रिकाने पोत्याचं तोंड सोडलं. आत हात घातला. मूठ बाहेर काढली, उघडली. तांबूस, बारीक, कोरडे दाणे. वाळू नाही. त्याने एक दाणा दाताखाली धरून पाहिला. मग अगदी हळू म्हणाला, "पोच."

खिंडीतला वारा पडला. शाप गेला.

राणी रिकाम्या गाडीकडे वळली.

"आता लेकीकडे काय नेणार?" मांत्रिकाने विचारलं.

"हात तर रिकामे आहेत. जाऊन तिला विचारते, काय हवं ते."

मांत्रिक दगडावरून उठला. त्याने पोतं खांद्यावर घेतलं. "आमच्या वाडीत धान्य आलं की पहिलं बाळंतिणीच्या घरी उतरवतात, मुली. चल, दार दाखव."

गडावर शेवंती भिंतीला टेकून बसली होती. राणीने तिला आणि बाळाला एकदम कवेत घेतलं.

"काय हवं गं तुला, बाळ?"

"आईसाहेब, लाडू नकोत. घशाखाली जाणार नाहीत. पेज द्या. पातळ, गरम, मीठ घातलेली."

मांत्रिकाने स्वतः नाचणी दळली, स्वतः पेज ढवळली, आणि फुंकर घालून वाटी शेवंतीच्या हातात दिली.

मागच्या गाड्या गडावर पोचल्या त्या गव्हाच्याच पोचल्या. पुढे दाजिबाने कोठाराच्या मागच्या भिंतीला दार पाडून घेतलं. नवं धान्य त्या दाराने आत येऊ लागलं आणि जुनं पुढच्या दाराने बाहेर पडू लागलं. हार आणि ओवाळणी आता निघणाऱ्या पोत्यालाही मिळू लागली. पण हे सगळं मागाहून झालं. त्या संध्याकाळी शेवंती पेज पिऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दूध आलं.