महाराजांचा डावा हात

कोंडाजी महाराज कुसळवाडीला आले, तेव्हा गावाने त्यांना मारुतीच्या देवळात उतरवलं. दुधाची चरवी आली, नवी घोंगडी आली, पाय चेपायला माणसं आली. ओढ्यापलीकडे एक बाई तीन वर्षं एकटी राहते, हे मात्र कुणी सांगितलं नाही. जे सांगायची लाज वाटते ते गाव विसरून जातं.

ते महाराजांना कळलं ते आरतीत. टाळ्या संपल्या तरी लांबून एक टाळी मागाहून येत होती.

"ही मागे पडलेली टाळी कुणाची?" महाराजांनी विचारलं. सगळे प्रसाद घ्यायला पुढे सरकले. महाराज उठले आणि ओढा ओलांडून गेले.

ती ठकू परटीण. गावाचे कपडे धुता धुता खाराच्या पाण्याने तिच्या दोन्ही हातांना चट्टे उठले होते. खाज सुटली, लस वाहू लागली. दाजीशास्त्री वैद्यांनी दहा हातांवरूनच बघितलं आणि सांगितलं, "महारोग." झालं. नवरा निघून गेला, पाणवठा तुटला, गावाचे कपडे दुसऱ्या परटाकडे गेले. ज्यांची लुगडी-धोतरं तिने पांढरी केली, त्यांनीच तिला पलीकडे काढलं. तिकडून आरतीला टाळ्या वाजवायच्या, एवढीच तिची माणसांतली ऊठबस.

"लांबूनच बोला, महाराज," ठकू म्हणाली.

महाराज तिच्या जवळच्या धोंड्यावर बसले. "दिवसभर काय करतेस, बाई?"

"पाला बघते."

तिने हात पुढे केले. फरक कळावा म्हणून डाव्याला ती नुसतं करंजाचं तेल लावी, उजव्याला त्याच तेलात कढवलेला एखादा पाला. एका वेळी एकच पाला, एकवीस दिवस. निंबाने तिला आग झाली, निरगुडीने काहीच झालं नाही. उकिरड्यावर माजतो त्या टाकळ्याने मात्र उजवा हात सुकून स्वच्छ झाला होता. डावा तसाच ओला.

"गावाला सांगितलंस?"

"ऐकायला कोण येतंय?"

दुसऱ्या दिवशी आले. दाजीशास्त्री आणि चार पंच, ओढ्याच्या अलीकडे उभे. एकवीस दिवसांनी सप्ताह बसणार, त्याआधी ठकूने शीव सोडावी, असं ठरलं होतं. तिने उजवा हात वर करून दाखवला.

शास्त्री हसले. "महारोग जागा बदलतो गं. आज हात सोडला, उद्या नाक धरील. स्वतःचं काय दाखवतेस? दुसऱ्या कुणाचं बरं कर. आहे का कुणी हात द्यायला?"

पंच हसले. ठकूने हात पदराखाली घेतला. आता ही बाई जाणार कुठे, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

रात्री हे सगळं महाराजांच्या कानावर गेलं. सकाळी देवळात हलकल्लोळ झाला. काल ज्या अंगावर डाग नव्हता, त्या महाराजांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत चट्टे होते. तसेच ओले, तसेच लाल. शास्त्री धावत आले, हात मांडीवर घेऊन नीट बघितले आणि म्हणाले, "काळजी नको, महाराज. साधं इसब आहे हे."

"मग ठकूचं काय आहे?"

शास्त्रींनी महाराजांचे हात मांडीवरून खाली ठेवले. चट्टे तेच होते. नाव मात्र माणूस बघून दिलं होतं.

"ठकूला बोलवा," महाराज म्हणाले. "हात मी देतो."

पहिल्या दिवशी तिची बोटं महाराजांच्या हातावर टेकेनात. तीन वर्षांत ती कुणाला शिवली नव्हती. महाराजांनीच हात पुढे सरकवला. डाव्याला नुसतं तेल, उजव्याला टाकळ्याचं. रोज, सगळ्यांसमक्ष.

एकविसाव्या दिवशी उजवा हात लहान मुलासारखा नितळ झाला होता. डावा तसाच होता.

"हा महाराजांच्या तपाचा गुण," शास्त्री म्हणाले.

"तप काय माझ्या उजव्याच हातात होतं?" महाराज म्हणाले. "चट्टे देवाने दिले, शास्त्रीबुवा, कारण तुमच्या गावात एक हात मिळेना. बरे मात्र हिने केले. आता डाव्याला तुम्ही लावा. कसं, ते हिला विचारा."

शास्त्रींनी पागोटं काढून ठकूच्या पायांवर डोकं ठेवलं. ठकूने सवयीने पाय मागे घेतले, तसे ते आणखी पुढे वाकले. उठले, टाकळ्याच्या तेलाच्या वाटीत बोटं बुडवली आणि महाराजांच्या डाव्या हातावर तेल चोळू लागले.

"एवढं जोरात नको," ठकू म्हणाली. "माणसाची कातडी आहे."