मुंगसाच्या पोटाशी अंडं

फार पूर्वी तांबूकाकू कोंबडीने रानातल्या पोरासोरांना पिल्लं वाढवायला शिकवणारं मंडळ काढलं. अंड्यांवर डोळा असलेलं मुंगूसही शहाण्यासारखं पहिल्या रांगेत येऊन बसलं.

सगळे कुजबुजले. काकूने मात्र फुटायला आलेलं एक अंडं त्याच्याच पोटाशी दिलं. म्हणाली, "ऊब दे आणि त्याच्याशी बोलत राहा. आतून ऐकतं ते."

सगळ्यांची पाठ फिरताच मुंगूस अंड्यावर वाकलं. "आता तुला खाणार!"

आतून आवाज आला, "चिव?"

मुंगूस दचकलं. "काय रे?"

"चिव, चिव!"

मग दोघांच्या गप्पाच सुरू झाल्या.

थोड्या वेळाने कोंबडेकाका ओरडत आले, "अरे, त्या मुंगसाने अंडं खाल्लं असेल!"

अंडं आणखी जवळ ओढत मुंगूस फिसकारलं, "काका, हळू बोला ना! आत्ताच झोपलंय ते."